वाक्यात ‘साठी’ नको

सुनंदा,

तुझ्या शोकसभेत इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी जो मजकूर वाचला, त्याचं पहिलं वाक्य असं होतं : ‘त्या विज्ञानासाठी जगल्या आणि विद्यार्थ्यांसाठी झिजल्या.’ एका वाक्यात दोन ‘साठी’. माझ्या शेजारी रेवा बसली होती. तिनं माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, ‘‘मावशी, दो चाय हुई ना?’’ मी मान हलवली. बाकी सभा नीट पार पडली.

आई गेल्यावर मुलीनं पहिल्यांदा केलेली थट्टा होती ती. सभागृहात कुणाला कळली नाही. चंडीगडमध्ये आता ती आम्हा दोघींनाच कळते.

नियम तुझा होता. पुण्याच्या एका मासिकानं तुला सजीवांच्या पुनरुत्पादनावर लेखमाला मागितली, तेव्हा तू सलग मराठी शेवटचं लिहिलं होतंस ते कोल्हापूरला कॉलेजात असताना. त्यानंतरचं सगळं आयुष्य इथल्या विद्यापीठात, प्राणिशास्त्र शिकवण्यात, इंग्रजीत आणि हिंदीत गेलेलं. मी इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवरून नुकतीच निवृत्त झाले होते आणि दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करायची सवय सुटत नव्हती. तू लिहायचंस, मी तपासायचं, असं ठरलं. रविवारी सकाळी, तुझ्या सेक्टर अडतीसच्या घरी, मागच्या अंगणात.

पहिला लेख मोरावर होता. तू लिहिलं होतंस : ‘मोठ्या पिसाऱ्याच्या मोरांशी लांडोरी जास्त जुगल्या. त्या मोरांची पिल्लं जास्त झाली. पिढ्यान्‌पिढ्या हे घडत गेलं आणि पिसारा वाढत गेला.’ तीन वाक्यं. मी त्यांचं एक केलं : ‘लांडोरीला आकर्षित करण्यासाठी मोराला पिसारा आला.’ डेस्कवर असं काही जमलं की दिवस चांगला जातो. तू वाचलंस आणि कप खाली ठेवलास.

‘‘कुणी दिला?’’

‘‘काय?’’

‘‘पिसारा. करण्यासाठी आला म्हणतीस. म्हणजे कुणीतरी ठरवून दिला. मोरानं अर्ज केलता?’’

‘‘वाचकाला लगेच कळतं गं.’’

‘‘वाचकाला लगेच चुकीचं कळतं. साठी लिहिली की बुद्धी नाठी.’’

तेव्हा आपण दोघीही साठीच्या उंबरठ्यावर होतो, म्हणून ते दोन्हीकडून लागलं. त्या दिवसापासून नियम झाला : ज्याच्या वाक्यात ‘साठी’ सापडेल त्यानं चहा करायचा. पहिल्या महिन्यात सगळे चहा मी केले.

मग मी पळवाटा शोधल्या. ‘करिता’ लिहून पाहिलं. तू म्हणालीस, ‘‘ही साठीच, फक्त धोतर नेसून आलीय.’’ ‘व्हावं म्हणून’ लिहिलं. ‘‘हा साठीचा मावसभाऊ. ह्यालापण बाहेर बसव.’’ ‘मुळे’ चालत होतं. ‘त्यामुळे’ चालत होतं. कारण मागे असलं पाहिजे, पुढे नाही, एवढाच तुझा आग्रह होता. कुठल्याही जिवानं भविष्यात डोकावून काही केलेलं नाही. अनेक प्रकार झाले, त्यातले काही टिकले. आपण टिकलेल्यांकडे बघतो आणि समजतो की त्यांनी ठरवलं होतं. ‘‘उरलं ते उरलं,’’ तू म्हणायचीस. कुठल्याही लेखावर वाद वाढला की हे तुझं शेवटचं वाक्य. मला ते निष्ठुर वाटायचं आणि तसं मी बोलूनही दाखवायची. तू म्हणायचीस, ‘‘निष्ठुर व्हायलापण कुणीतरी लागतं. हितं कोणच न्हाई.’’

लेखमालेच्या नावावरूनही आपलं वाजलं. मी ‘प्रजननाच्या कथा’ सुचवलं. तू तोंड वाकडं केलंस. ‘‘सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरची पाटी वाटतीय.’’ आणि मग ‘वीण’ म्हणालीस. तुझ्या गावात म्हशीची वीण, सशाची वीण, आणि आईच्या हातातल्या लोकरीचीही वीण. एकाच शब्दात दोन्ही. मराठीतल्या माझ्या सगळ्या नोकरदार शब्दांपेक्षा तो बरा होता. मी मान्य केलं. मान्य केल्याचं तोंडानं म्हणाले होते की नाही, आठवत नाही. आता म्हणते.

तुझं मराठी कोल्हापुरातून जसं निघालं तसंच इथं पोचलं होतं. ‘मी आलो’, ‘मी करतो’, ‘मी बघत होतो’. तुमच्याकडच्या बायका असंच बोलतात, पण चंडीगडच्या मंडळात नागपूर, पुणे, जळगाव अशी सगळीकडची माणसं. त्यांना वाटायचं, बाईंचं मराठी हिंदीनं बिघडलं. एकदा नव्यानं बदलून आलेल्या एका बँक अधिकाऱ्यानं तुला नम्रपणे दुरुस्त केलं : ‘‘मॅडम, मी आले, असं.’’ तू त्याला सांगितलंस की विदूषक मासा जन्मतो नर, आणि गटातली मोठी मादी मेली की त्यातला थोरला नर मादी होतो, अंडीसुद्धा घालतो. ‘‘मासा करतो, तर मी नुसतं बोलायला काय हरकत?’’ तो गृहस्थ पुढे तीन वर्षं चंडीगडला होता. पुन्हा कुणाला दुरुस्त करताना दिसला नाही.

मंडळाच्या गणपतीत तू मुलांना दिलेलं व्याख्यान मला जसंच्या तसं आठवतं. फळ्यावर तू विषय लिहिलास : ‘माव्याच्या घरात बाप नाही’. मुलं हसायला लागली. तुला कळेना. मग पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली : ‘‘आंटी, मावे की तो बर्फी बनती है. उसमें पापा कहाँ से आएँगे?’’ इथल्या मुलांचा मावा हलवायाच्या दुकानातला. तुझा मावा गुलाबाच्या कोवळ्या देठावर चिकटून रस पिणारी कीड. त्याच वेळी मागच्या रांगेत आपल्या सांगलीच्या खजिनदारांचा हात शर्टाच्या खिशावर गेला, कारण त्यांचा मावा तिसराच होता आणि पुडीत बांधलेला होता. तू तिन्ही मावे एका दमात समजावून सांगितलेस. खजिनदारांकडे बोट दाखवून.

मग खरं व्याख्यान. वसंतात गुलाबावर जो मावा दिसतो त्यात जवळजवळ सगळ्या माद्याच असतात. नराशिवाय त्यांना मुली होतात, आणि जन्मणाऱ्या मुलीच्या पोटात तिची मुलगी आधीच वाढायला लागलेली असते. आजी, आई आणि नात, एकीच्या आत दुसरी. मुलं गप्प झाली. त्या गप्पपणात एका मुलानं विचारलं, ‘‘तो फिर पापा किसलिए होते हैं?’’ सभागृहातले सगळे पापा ताठ बसले.

‘‘बेटा, किसलिए नहीं पूछते,’’ तू म्हणालीस. ‘‘पूछो, कैसे हुए.’’

आणि सांगितलंस. सगळ्या बहिणी हुबेहूब सारख्या असल्या तर एक रोग, एक कडाक्याचा गारठा सगळ्यांना एकदम नेतो. दोन वेगळ्या जिवांची सरमिसळ झाली की पिल्लं एकमेकांसारखी नसतात. काही मरतात, काही उरतात. जिथं बर्फ पडतं अशा देशांत मावासुद्धा थंडीच्या तोंडावर नर जन्माला घालतो, मग जोड्या जमतात, अंडी होतात आणि अंडी हिवाळा काढतात. जगात नुसत्या माद्यांवर चालणारे सरडे आहेत, तुटलेल्या तुकड्यातून पुरा वाढणारा तारामासा आहे, पानाच्या कडेला रोपं फुटणारी पानफुटी आहे. तरीही बहुतेकांच्या घरात बाप आहे. ‘‘महँगा पड़ता है,’’ तू म्हणालीस, ‘‘पर घाटे का सौदा नहीं.’’ वडीलमंडळींनी टाळ्या वाजवल्या. रेवा दाराशी उभी होती. नुकतंच मिसरूड फुटलेली मुलं तुझी नक्कल करत होती, ‘‘महँगा पड़ता है,’’ आणि ती त्यांच्याकडे रागानं बघत होती. तेव्हा ती लग्नाची झाली होती, पण आईचा अभिमान अजून शाळेतल्या मुलीसारखा होता.

कमळपक्ष्याचा लेख आपण सुखना तलावाच्या दूरच्या टोकाला जाऊन लिहिला. ऑगस्टातली सकाळ, अंगाला चिकटणारी हवा, पाण्यावर पानांचा थर. तू दुर्बीण माझ्या हातात दिलीस. पानांवरून एक पक्षी चालत होता, आणि त्याच्या पंखाखालून बारीक पायांचा झुपका लोंबत होता. पंखात पिल्लं होती. फेरफटका मारणारे एक सरदारजी थांबले.

‘‘मैडम जी, माँ है?’’

‘‘ना जी, बाप है. अंडे भी यही सेता है, बच्चे भी यही पालता है. माँ उधर दूसरे के साथ है.’’

सरदारजींनी दाढीवरून हात फिरवला. ‘‘कलजुग है जी.’’

‘‘कलजुग से बहुत पुराना है, सरदारजी.’’

परतताना मी विचारलं, आधी काय झालं? मादी निघून जायला लागली आणि नर सांभाळायला लागला, की नर सांभाळायला लागला आणि मग ती मोकळी झाली? तू म्हणालीस, पक्कं माहीत नाही. मी म्हटलं, मग काय लिहायचं? ‘‘लिही की. माहीत न्हाई, असं लिही.’’ डेस्कवर इतकी वर्षं काढून ते दोन शब्द मी कुणाच्या लेखात आनंदानं जाऊ दिले असतील तर तुझ्याच.

एक गोष्ट मी त्या वेळी बोलले नाही. मधमाश्यांच्या लेखात, पाठ्यपुस्तकं कामकरी माशीला जो शब्द वापरतात, तो तू वापरला नाहीस. पुस्तकात ‘वांझ माद्या’ असं असतं. तू लिहिलंस, ‘पोळ्यात राणी असेपर्यंत कामकरी माश्या सहसा अंडी घालत नाहीत.’ वाक्य लांब झालं होतं, आणि लांब वाक्य मी सोडत नाही हे तुला माहीत होतं. मी ते सोडलं. मला मूल नाही. आपल्या इतक्या वर्षांच्या ओळखीत हे तुला माहीत होतं आणि तू एकदाही कारण विचारलं नाहीस. इतर सगळ्यांनी विचारलं. मंडळात, ऑफिसात, एकदा तर सेक्टर सतराच्या चौकात कुणीतरी मेहंदी काढता काढता विचारलं. त्या वाक्याबद्दल मी तुझे आभार मानायला हवे होते. वाक्य नेमकं आहे म्हणून ठेवलं, एवढंच म्हणाले. तेही खरं होतं.

आपला मोठा वाद मात्र सुटला नाही. माझं म्हणणं होतं की मोराच्या वाक्यातून ‘साठी’ काढता येते, माणसाच्या वाक्यातून येत नाही. माणूस पुढे बघून करतो. तू म्हणायचीस, ‘‘मान्य. माणसात साठी हाय. म्हणून तर तिथं जास्त जपून वापरायची. मोराला न्हाई लागत, माणसाला लागते.’’

हा वाद फक्त भाषेचा राहिला नाही, त्याला रेवा कारण. तिच्या आणि हरमीतच्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती. झिरकपूरला फ्लॅट, दोघांना नोकऱ्या. हरमीतच्या आईनं, बीजींनी, तुझ्याकडे विषय काढला. पुढच्या रविवारी तू तो रेवाकडे काढलास. ती सरळ म्हणाली, ‘‘मम्मी, हमें बच्चा नहीं चाहिए.’’ आणि तुझ्या तोंडून निघालं, ‘‘मग लग्न कशासाठी केलंस?’’

रेवानं क्षणभर तुझ्याकडे पाहिलं. ‘‘मम्मी, चाय बनाओ.’’

तू उठलीस. खरोखर उठलीस, आत गेलीस आणि तिघींचा चहा घेऊन आलीस. पुन्हा त्या विषयावर तू तिला एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, वाद तू मोठ्या मनानं हरलीस. तू हरली नव्हतीस. गप्प बसली होतीस. ते वेगळं असतं, हे मला उशिरा कळलं.

लेखमालेचा शेवटचा लेख तुला ‘साठीनंतर’ या नावाचा लिहायचा होता. तेवढी एक साठी तू स्वतःला माफ केली होतीस. बहुतेक माद्या मरेपर्यंत वितात. बाई मध्येच थांबते आणि पुढे कित्येक वर्षं जगते. काही देवमासे असं करतात, आणखी थोडे कुणी. का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. एक म्हणणं असं की ज्या बायका थांबल्या आणि नातवंडांना भरवत राहिल्या, त्यांची नातवंडं जास्त जगली, उरली. तुला ते पूर्ण पटत नव्हतं. ‘‘आजीला कामाला लावायचा पुरुषांचा डाव दिसतोय,’’ तू म्हणालीस आणि हसलीस. मी डिवचलं की ह्या लेखात मी चहा करणार नाही, आजी कशासाठी हे लिहिल्याशिवाय तुला पुढे जाताच येणार नाही. ‘‘बघू,’’ म्हणालीस. मग आजाराचं निदान झालं आणि ते बघणं राहिलं.

रेवा रोज ऑफिसातून सुटून झिरकपूरच्या कोंडीतून तुझ्याकडे यायची. हिवाळा सुरू झाला. दुपारी मी असायची. अंगणात उन्हात खाट टाकायची, तुझ्या पायावर शाल. मागे ती फळ न धरणारी पपई, जिला तू नर म्हणून ओळखलं होतंस आणि तरी तोडू दिलं नव्हतंस. त्या दुपारी तू बराच वेळ डोळे मिटून होतीस. मला वाटलं झोपलीस.

‘‘काल डोकं धरलं होतं. रेवाच्या पर्समधी गोळी बघत होतो,’’ तू म्हणालीस. ‘‘फोलिक ॲसिडची पट्टी गावली.’’

मी तुझ्या पायावरची शाल नीट केली. मूल हवं असलेल्या बायकांना ती गोळी आधीपासून देतात, एवढं मलाही माहीत होतं.

‘‘सदतीस वर्षांची हाय ती. मी आजारी पडायच्या आधी तिला नको होतं. आता हवंय. मधी काय बदललं? मी.’’

‘‘तिला विचार ना.’’

‘‘विचारलं तर खोटं बोलंल. आणि ती खोटं बोलली की मला बरं वाटंल. म्हणून विचारत न्हाई.’’

पुढचं तू ठरवून ठेवलेलं असावंस, कारण एका दमात म्हणालीस : ‘‘मी गेल्यावर तू तिला सांग. माझ्यासाठी नको, म्हणावं. आधी सांगू नको, न्हाईतर ती येऊन मला विचारंल आणि मी हो म्हणून बसंन.’’

तू काय शब्द वापरलास तो आपण दोघींनीही ऐकला. मी नुसतं तुझ्याकडे पाहिलं.

‘‘असू दे,’’ तू म्हणालीस. ‘‘हे वाक्य माणसाचं हाय.’’

आणि मग, पपईकडे बघत : ‘‘मला हवंय गं. लै हवंय. पण ते सांगू नको तिला. पहिलं तेवढं सांग.’’

‘‘मी अर्धं बोलणं कुणाच्या नावावर देत नाही, सुनंदा.’’

‘‘हे छापायचं न्हाईच की.’’

मी हो म्हटलं नाही. तू माझं न म्हटलेलं ऐकलंस की नाही, माहीत नाही. तुला डोळा लागला होता. त्यानंतर बोलण्यासारख्या फार दुपारी मिळाल्या नाहीत.

म्हणून हा मजकूर. तुझ्या आठवणी लिहायला मासिकानं सांगितलं आहे, पण मला तुला एक कळवायचं आहे. तू सांगितलं होतंस त्यापेक्षा मी एक वाक्य जास्त सांगितलं.

गेल्या आठवड्यात रेवाला सेक्टर सतराच्या बँकेत तुझ्या खात्याचं काम होतं. ती मला सोबत घेऊन गेली. काम झालं आणि तिनं जेवायला झिरकपूरला चल म्हणून आग्रह केला. पुलाच्या अलीकडे गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. ती स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती.

‘‘मावशी, सोमवार को क्लिनिक जाना है,’’ ती म्हणाली. ‘‘आप किसी को मत बताना. मम्मी के रहते शुरू किया था. हो जाता तो वो देख लेतीं. अब... अब भी, मम्मी के लिए ही समझो.’’

गाडीत दुसरं कुणी नव्हतं. सांगायची वेळ हीच होती. मी तुझं वाक्य तुझ्याच शब्दांत सांगितलं. भाषांतर केलं नाही.

‘‘मम्मी ने ‘साठी’ बोला?’’

‘‘हो.’’

‘‘खुद?’’

‘‘हो. आणि असू दे म्हणाली.’’

तिनं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. ती हसत होती की रडत होती, ते मला बाजूनं कळेना. पुढची गाडी सरकली, मागून हॉर्न सुरू झाले. कुणीतरी ओरडलं, ‘‘मैडम जी, सो गए क्या?’’ तिनं डोळे पुसले, गाडी थोडी पुढे घेतली आणि पुन्हा थांबवली.

‘‘और?’’

‘‘और काय?’’

‘‘मावशी, मम्मी एक लाइन पर कभी रुकी है? और क्या बोला?’’

मला वाटतं, विचारलं नसतं तरी मी सांगितलं असतं. पण तिनं विचारलं, हे नोंदवते. मी सांगितलं : हवंय म्हणाली. लै हवंय म्हणाली. आणि हे तुला सांगू नको म्हणाली.

ती समोरच्या ट्रकच्या मागच्या फळीकडे बघत राहिली. मी तुझ्या मुलीला जन्मापासून ओळखत नाही, पण शाळेच्या गणवेशात पाहिलेली आहे. तुझ्यासारखं तिचंही विचार करताना तोंड किंचित उघडं राहतं.

‘‘मम्मी को चाहिए था,’’ ती म्हणाली. ‘‘बीजी को चाहिए. ठीक है. सबका पता चल गया.’’ मग हळू, मराठीत, जे ती माझ्याशी कधी बोलत नाही : ‘‘मला माहीत नाही, मावशी. मला हवंय का ते.’’

‘‘हरमीतला?’’

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. ‘‘उससे तो किसी ने पूछा ही नहीं. मैंने भी नहीं. मैंने बोला, मम्मी बीमार हैं, वो बोला, ठीक है.’’

‘‘बरं.’’

‘‘सोमवार रहने दूँ?’’

 ते सांगणं तुझं काम नव्हतं आणि माझंही नव्हतं. तिथं बोलायचा मला अधिकार नव्हता, इतकंच. रस्ता मोकळा झाला. तिनं पूल ओलांडला. मग म्हणाली, सोमवार राहू दे, आधी आज हरमीतशी बोलते, त्यानंतर बघू जायचं की नाही. आणि मला विचारलं, राजमा चालेल ना.

जेवताना हरमीत घरी आला. चांगला मुलगा आहे. मला दुसऱ्यांदा वाढलं, तुझ्या नावानं डोळे भरले, ते लपवलेही नाहीत. रेवा त्याच्याकडे नव्यानं ओळख झाल्यासारखी बघत होती. मी लवकर निघाले. त्यांना बोलायचं होतं.

तू असतीस तर मी घरी पोचायच्या आत तुझा फोन आला असता. ‘‘काय म्हणाली?’’ मी म्हटलं असतं, ठरवतेय. ‘‘कोण, ती?’’ दोघं, मी म्हटलं असतं. मग तू गप्प झाली असतीस, आणि नंतर म्हणाली असतीस, ‘‘बरं झालं.’’ तू तेच म्हणाली असतीस, याची मला खात्री आहे. त्याच्या आधी तू किती वेळ गप्प राहिली असतीस, ते मात्र मला सांगता येत नाही.